स्टेनोबाईंची मिशी

सासूबाईंची वरची कवळी मंगळवारी सकाळी फुटली. ती कशी फुटली याची घरात तीन वेगवेगळी कारणं सांगितली गेली. खरं कारण एवढंच, की "आई, तुला काय कळतं त्यातलं" हे वाक्य मुलाने तिसऱ्यांदा ऐकवल्यावर त्यांनी ती तोंडातून काढून ओट्यावर आपटली. दुरुस्त करून आणायचं काम अर्थातच सुनेच्या गळ्यात पडलं.

सून म्हणजे पाणीपुरवठा खात्यातल्या स्टेनोबाई. शॉर्टहँड बंद होऊन जमाना झाला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. सत्तावीस वर्षांत सात साहेब झाले, स्टेनोबाई मात्र केबिनबाहेरच्या त्याच टेबलाशी. साहेबांची पत्रं त्याच लिहायच्या, भाषणं त्याच लिहायच्या, आणि साहेब जागेवर नसले की साहेब कुठल्या महत्त्वाच्या कामात आहेत हेही त्याच रचून सांगायच्या.

जेवणाच्या सुट्टीत रुमालात कवळी बांधून त्या निघाल्या. कवळ्या बनवणाऱ्याचं दुकान एका जिन्याखाली होतं. पुढे दोन खुर्च्या, मध्ये पडदा, पडद्यामागे त्याचं काम. त्याने पडद्याआडून हात काढून कवळी घेतली, वीस मिनिटं लागतील म्हणाला, आणि आत घासायचं यंत्र घरघरू लागलं. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. उद्याच्या उद्घाटनाचं भाषण सापडत नव्हतं. स्टेनोबाईंनी सांगितलं, टेबलावर, निळ्या फायलीत, तुमच्या उजव्या हाताला. साहेब म्हणाले, निळी फाईल नाहीच आहे. मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाले, "हां. म्हणजे तुम्ही ती इथे ठेवली होती तर." जसं काही भाषण दडवून ठेवलं होतं आणि साहेबांनी ते हुडकून काढलं होतं.

फोन ठेवल्यावर स्टेनोबाईंनी जे केलं, ते त्या गेली सत्तावीस वर्षं करत आल्या होत्या. फक्त आजवर ते कुणाच्या कानांवर पडलं नव्हतं. हनुवटी गळ्यात रुतवून, आवाज पोटातून काढून त्या समोरच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाल्या, "अं... काय आहे, की... बघू. काय ते आपण बघू."

यंत्र थांबलं. "साहेब, बसा ना," आतून आवाज आला. "बाईंचं झालं की तुमचंच घेतो."

हात पुसत कवळीवाला बाहेर आला. पन्नाशीचा, आडव्या बांध्याचा, भुवया नको तितक्या नीटनेटक्या. त्याने दोन्ही खुर्च्या पाहिल्या, दाराबाहेर डोकावून जिना पाहिला आणि शेवटी स्टेनोबाईंकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. पुन्हा एकदा म्हणून दाखवा, असं तो म्हणाला. त्या नाही म्हणाल्या. मग कवळीही नाही, म्हणाला. घरी दात नसलेल्या सासूबाई आणि दात असलेला नवरा एकमेकांसमोर बसले होते, म्हणून त्यांनी म्हणून दाखवलं.

तो हसला नाही. कवळी नीट बसते आहे का हे बघावं तसा तो त्यांच्याभोवती एक फेरी मारून आला, आणि मग त्याने पडदा बाजूला सारला. फळीवर प्लास्टरचे जबडे रांगेत मांडलेले होते आणि त्यांच्या शेजारी लाकडी खुंटावर तांबूस केसांचा भलामोठा टोप. दर रविवारी आपण राणीसरकार असतो, असं त्याने सांगितलं. मी पतपेढीचा सभासद असतो, असं सांगावं तितक्या सहज. त्याची कथा साधी होती. बहिणीच्या कारखान्यातल्या नाटकात बहीण राणी होणार होती, तिचा घोटा आदल्या दिवशी मुरगळला, गाऊन वाया जाऊ नये म्हणून यानेच चढवला. "तिचा घोटा सहा आठवड्यांत बरा झाला," तो म्हणाला, "गाऊन मी अजून परत केलेला नाही." याला ड्रॅग म्हणतात हे त्याला नंतर कुणीतरी सांगितलं. पुरुषाने बाईचं सोंग घ्यायचं, बाईने पुरुषाचं, आणि असं वाढवून घ्यायचं की ज्याचं घेतलं त्याला स्वतःचीच लाज वाटावी. त्यांच्या मंडळीत राण्या चिक्कार होत्या. राजा मात्र धड एक नव्हता.

स्टेनोबाई म्हणाल्या, त्यांना असल्या गोष्टींत काडीचा रस नाही. रविवारी त्या नुसत्या बघायला गेल्या.

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल, दुपारचे चार. खाली सोफे विकले जात होते आणि वर, बहुधा तिथल्याच खुर्च्यांवर, शंभरेक माणसं बसली होती. प्रत्येक प्रवेशाआधी गळ्यात रेशमी रुमाल बांधलेला एक गृहस्थ येऊन देह, मुक्ती आणि समाज यांवर प्रवेशाहून लांब बोलून जाई. त्याला सगळे संचालक म्हणत. तो स्वतः कधीच काही करून दाखवत नसे, कारण त्याचं माध्यम विचार होतं. पण त्याचं बोलणं एकदाचं संपलं की पुढे येणारी माणसं कामाची होती. एका वाचनालयाच्या ग्रंथपालबाई आल्या. कोपरापर्यंतचे काळे हातमोजे, बाकी अंगभर साधे कपडे. लोकांना झुलवत एकेक कपडा उतरवण्याच्या खेळाला बर्लेस्क म्हणतात; त्यांचं बर्लेस्क म्हणजे सात मिनिटांत दोन हातमोजे काढणं, बस. तिसऱ्या बोटाशी येईपर्यंत हॉलमध्ये टाचणी पडली असती तरी दणका वाटला असता. या बाई इकडे कशा वळल्या, तर आयुष्यभर लोकांना "शांतता राखा" म्हणून घसा सुकला होता. न सांगता राखलेली शांतता कशी असते, ते एकदा अनुभवायचं होतं. राणीसरकार आले तेव्हा स्टेनोबाईंना दोन मिनिटं पटेचना, की याच हातांनी सासूबाईंचे दात घासले आहेत.

मग राजा आला. एरवी व्यायामशाळेत शिकवणारी ही मुलगी. ती पाय फाकून उभी राहिली, थुंकली, मांडी ठोकली, खाजवलं आणि ओरडली. लोक हसले. स्टेनोबाईंच्या कपाळाची शीर तडतडली. अशुद्ध लिहिलेलं पत्र समोर आलं की उडायची, अगदी तीच शीर. खेळ संपल्यावर त्या आतल्या खोलीत गेल्या आणि मिशी सोलत बसलेल्या त्या मुलीला त्यांनी एकेक चूक सांगितली. पुरुष ओरडतो तो फार खालचा. वरच्याला ओरडावं लागत नाही, त्याच्या बाजूने दुसरे ओरडतात. तो खाजवत नाही, कागद शोधतो. आणि उभा कशाला राहील, तो बसतो आणि दुसऱ्याला उभं ठेवतो. मुलगी तोंड उघडं टाकून ऐकत राहिली. संचालक म्हणाले, की हे फार मूलगामी विवेचन आहे. राणीसरकार म्हणाले, "मग पुढच्या महिन्यात तुम्हीच करा."

मुक्तीबिक्तीचं स्टेनोबाईंना तेव्हाही काही पडलेलं नव्हतं आणि पुढेही पडलं नाही. चुकीचा मसुदा पुढे जाऊ द्यायचा नाही, एवढ्या एका कारणासाठी त्या त्यात पडल्या.

घरी त्यांनी बायकांच्या मंडळात जाते असं सांगितलं. नवरा शाळा-निरीक्षक म्हणून निवृत्त झाला होता आणि आता घराचं निरीक्षण करायचा. कुठलं मंडळ हे त्याने विचारलं नाही. रविवारी चारचा चहा कोण करणार, एवढंच विचारलं. तो रात्री आडवा झाला की स्टेनोबाई त्याचा राखाडी कोट चढवून कपाटाच्या आरशासमोर उभ्या राहत. तिसऱ्याच दिवशी दारात सासूबाई दिसल्या. त्या वरपासून खालपर्यंत बघत राहिल्या.

"चष्मा नाकावर खाली घे," सासूबाई म्हणाल्या. "वरून बघायचं."

मग त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि शिकवणी सुरू झाली. पोट आधी दारातून आत येतं, मागून माणूस. कुणी बोलायला लागलं की खिशातून काहीतरी काढून त्याच्याकडेच बघायचं. पाणी मागताना भांड्याकडे पाहायचं नाही, नुसता हात हवेत धरून ठेवायचा. भांडं आपोआप येतं. स्टेनोबाईंनी सात साहेब पाहिले होते, पण सासूबाईंनी एक नवरा आणि एक मुलगा असे दोनच, मात्र घरातून, अगदी जवळून पाहिले होते. "मी काय इतकी वर्षं नुसती डाळ निवडत होते का?" त्या म्हणाल्या. आतल्या खोलीतून मुलाच्या घोरण्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी सुनेला तोही ऐकायला लावला. म्हणाल्या, झोपेतसुद्धा मधेच थांबतो बघ, सगळे ऐकतायत ना म्हणून.

खेळाच्या दिवशी मिशी राणीसरकारांनी स्वतः चिकटवली, दात बसवावा तशी, अंगठ्याने दाबून आणि साठपर्यंत मोजून. छातीवर घट्ट पट्टा, कोटाच्या खांद्यात गाद्या, दोन नंबर मोठ्या बुटांत कापूस. व्यायामशाळेतल्या मुलीने प्रेमाने मोज्याचा एक बोळा आणून दिला आणि तो पँटमध्ये कुठे ठेवायचा तेही सांगितलं. स्टेनोबाईंनी तो परत केला. त्यांच्या मते पुरुषाचा सगळा भार कोटाच्या वरच्या खिशात, पेनापाशी असतो.

त्या रंगमंचावर आल्या, खुर्चीत बसल्या, आणि काहीच केलं नाही. समोर माईक, हातात कागद. पहिला कागद पाहिला, शेवटी ठेवला. चष्मा पुसला. कागद पुन्हा पाहिला. कुणीतरी खोकलं. एका टाकीच्या उद्घाटनाचं भाषण होतं ते, अस्सल, त्यांनीच तिसऱ्या साहेबांसाठी लिहिलेलं. "मित्रहो," त्या म्हणाल्या, आणि पुढचा शब्द येण्याआधी एवढा वेळ घेतला की लोक चुळबुळायला लागले. मग तोंड न वळवता त्यांनी उजवा हात हवेत धरला. नुसता धरला.

पहिल्या रांगेतली एक बाई उठली. आपण का उठलो हे तिला स्वतःलाही कळलं नसावं. कडेच्या टेबलावरचा पेला घेऊन ती पायऱ्या चढली आणि त्या हातात ठेवून आली. स्टेनोबाईंनी एक घोट घेतला आणि तिच्याकडे न बघता पेला परत धरला. बाई तो घेऊन अर्ध्या वाटेवर आली, तिथे तिला उमजलं, आणि ती जिथल्या तिथे मट्कन खाली बसली आणि हसत सुटली. मग हॉल फुटला. बायका खुर्च्यांचे हात धरून हसत होत्या. पुरुषही हसत होते, पण शेजारी बघून बघून.

त्या दिवसापासून त्यांचं नाव मोठे साहेब पडलं. चौथ्या खेळाला खुर्च्या पुरेनात, तेव्हा संचालकांनी या यशामागचा विचार आपला होता हे एका लांब भाषणात सांगितलं.

अशी गोष्ट ऑफिसात किती दिवस लपणार? जावक विभागातल्या एका कारकुनाने पाहिलं, आणि त्याने पाहिलं म्हणजे साऱ्या इमारतीने पाहिलं. पुढच्या रविवारी तिसऱ्या रांगेत सातवे साहेब, म्हणजे हल्लीचे, सपत्नीक येऊन बसले. त्याच दिवशी सासूबाईंनी सुनेचं मंडळ बघायचा हट्ट धरला होता आणि त्यांना घेऊन नवरोबाही आला होता. स्टेनोबाईंनी पडद्याच्या फटीतून दोघांना पाहिलं तेव्हा मिशी आधीच चिकटलेली होती. नोकरी आणि संसार दोन्ही तिसऱ्या रांगेत, एकमेकांपासून तीन खुर्च्यांवर. काढायची म्हटली तर कातडी निघेल, असं राणीसरकार म्हणाले. मग त्या तशाच रंगमंचावर गेल्या.

खेळ संपल्यावर साहेब आत आले. डोळे पुसत होते. "हुबेहूब," ते म्हणाले. "माझ्याआधीचा अगदी असाच होता. ती पाण्याची खोड तर... कसं हो धरलंत?" नवऱ्याने बायकोची पाठ थोपटली आणि हळूच कानात सांगितलं, की तुझा साहेब बरा पकडलास, बिचाऱ्याला कळलंसुद्धा नाही. हे सांगताना तो बायकोच्या अंगावरच्या स्वतःच्याच राखाडी कोटाच्या बाहीवर हात फिरवत होता आणि कापड चांगलं आहे म्हणत होता. सासूबाई कोपऱ्यात तोंडावर पदर नव्हे, पुरता हात धरून बसल्या होत्या. दुरुस्त केलेली कवळी हसण्याने सुटायला आली होती. जाताना साहेबांच्या पत्नींनी स्टेनोबाईंचा हात जरा जास्त वेळ धरला आणि विचारलं, "मला जमेल का हो हे?"

सोमवारी केबिनमध्ये बोलावणं आलं. स्टेनोबाईंना वाटलं, मेमो. साहेबांना हवा होता ऑफिसच्या वार्षिक दिनाचा कार्यक्रम. वरचे अधिकारी येणार होते आणि आधीच्या साहेबाची ती नक्कल त्यांना दाखवायचीच होती. फक्त काही सूचना होत्या. पुरुष इतका थांबून बोलत नाही, हे त्यांनी अधूनमधून थांबत पाऊण तास समजावून सांगितलं. स्टेनोबाईंनी सगळ्या सूचना लिहून घेतल्या. त्या लिहून घेताना त्यांना दोन नव्या लकबी सापडल्या.

वार्षिक दिनाला, सकाळी अकरा वाजता, जुन्या दफ्तरांच्या खोलीत त्या तयार झाल्या आणि लांब बोळातून सभागृहाकडे निघाल्या. वाटेतला पहारेकरी ताडकन उभा राहिला. सत्तावीस वर्षांत तो त्यांच्यासाठी कधी उठला नव्हता. बोळातल्या बाकावर एक बाई बसली होती, मांडीवर कागद. कार्यक्रमामुळे कामकाज बंद आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. कोटातला माणूस येताना दिसल्याबरोबर ती उठली, दोन्ही हातांनी अर्ज पुढे धरला आणि घाईघाईने सांगायला लागली. गल्लीच्या टोकाला घर, आठ महिने नळाला थेंब नाही, घरात अंथरुणाला खिळलेला माणूस, दोन मजले बादल्या वाहून खांदे गेले.

स्टेनोबाई थांबल्या. चष्मा नाकावर खाली होता. पोट पुढे होतं. तोंडातून आपोआप निघालं, "अं... बघू. काय ते आपण बघू."

आणि बाईचा चेहरा उजळला. आठ महिन्यांत पहिल्यांदा साहेब स्वतः तिच्याशी बोलले होते. तिने वाकून नमस्कार केला, अर्ज त्यांच्या हातात ठेवला, आणि डोळ्यांना हात लावत जिना उतरून गेली.

त्या दिवशीचा खेळ सगळ्यांत रंगला, असं लोक म्हणतात. वरचे अधिकारी रुमाल चावत हसले. स्टेनोबाईंना त्यातलं फारसं आठवत नाही. दफ्तरखोलीत परतल्यावर त्यांनी मिशी अशी ओढली की वरचा ओठ दोन दिवस सुजून होता. बाईला त्यांनी फसवलं होतं हे तर होतंच, पण त्याहून वाईट म्हणजे "बघू" म्हणताना क्षणभर त्यांना बरं वाटलं होतं. केवढं सोपं, केवढं स्वस्त आणि केवढं भारदस्त.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या बाईचे आधीचे कागद शोधले. ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही. तीन अर्ज होते, तिन्ही त्यांच्याच मागच्या कपाटात, "प्रलंबित" असं त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेल्या फायलीत, तारखेप्रमाणे, कोपरे जुळवून लावलेले. कुठल्याही साहेबाने ते अडवले नव्हते. कुठल्याही साहेबाने ते पाहिलेच नव्हते. वर काय ठेवायचं आणि कपाटात काय, हे इतकी वर्षं स्टेनोबाईच ठरवत होत्या, आणि साहेबांचा वेळ जाऊ नये म्हणून बहुतेक सगळं कपाटात ठेवत होत्या.

त्यांनी कामाचा आदेश टाईप केला, बोळात मिळालेला चौथा अर्ज त्याला जोडला आणि तो सह्यांच्या गठ्ठ्यात तिसरा लावला. साहेब फोनवर वार्षिक दिनाची तारीफ ऐकत होते. एका हाताने फोन, दुसऱ्या हाताने सह्या. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. पेन कुठेही अडखळलं नाही. चौथ्या दिवशी गल्लीत खोदकाम सुरू झालं.

दोन आठवड्यांनी ती बाई पुन्हा आली, या वेळी कागदाशिवाय. नळाला पाणी आलं होतं, तेही चांगल्या जोराचं. तिला साहेबांना भेटायचं होतं. स्टेनोबाई म्हणाल्या, की आदेश आपणच काढला होता, सहीला आपणच लावला होता. बाईने समजूतदारपणे मान हलवली. "तुमचेही उपकार आहेतच, ताई," ती म्हणाली, "पण मला त्या साहेबांनाच भेटायचंय. एका शब्दात काम केलं बघा त्यांनी."

तेवढ्यात केबिनचं दार उघडून साहेब बाहेर आले. उपकार हा शब्द त्यांना भिंतीपलीकडूनही ऐकू येत असे. ते कोट सारखा करून उभे राहिले आणि हसले. बाईने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हे नव्हेत," ती स्टेनोबाईंना म्हणाली. "ते मोठे होते."

साहेबांचं हसू जागच्या जागी राहिलं. स्टेनोबाईंनी सांगितलं, की मोठे साहेब दौऱ्यावर आहेत, निरोप पोचवते. बाईचं समाधान झालं, ती गेली. साहेब थोडा वेळ तिथेच घुटमळले, मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, की वरून कुणी येऊन गेलं होतं का, आणि आपल्याला कळवलं का नाही. स्टेनोबाई म्हणाल्या, "बघते." साहेब आत गेले, त्यांनी दार अगदी हळू लावून घेतलं, आणि स्टेनोबाई प्रलंबितची दुसरी फाईल काढायला कपाटाशी उठल्या.